तिसऱ्यांदा पळालो तेव्हा

वर ये, थेंगसिल.
तिसरी पायरी कुजली आहे, तिच्यावर भार टाकू नकोस.
बोरांग म्हणजे काय, झाडाच्या दुबेळक्यात
माणसानं हत्तीला भिऊन बांधलेलं घरटं.
भात पिवळं पडलं की त्यांना वास लागतो
पार सीमेपलीकडे.
हा पत्र्याचा डबा तुझ्याकडे ठेव. आवाज आला तर बडव.
नाही आला, तर ऐक.

तुला धरून आणणार आहेत, मला कळलंय.
माझ्या मुलीसाठी, माझ्याच बहिणीचा पोरगा.
घर बाईचं, रान बाईचं, आडनाव बाईचं,
आणि मामा थकला की त्याच्या चटईवर भाचा.
हसतोस?
हस. मोबाइल तेवढा विझव, उजेड लांबून दिसतो.

मलाही धरलं होतं.
चौघांनी, नदीवर, अंगाला साबण तसाच.
बाजाराला नेतात त्या डुकरासारखं
मला खांद्यावरून चढावर नेलं.
म्हाताऱ्यानं कोंबडा कापला,
आतड्यांत आमचा संसार वाचून काढला.
सिल्मेनं पुढ्यात भात ठेवला
आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पळणं रीतच होती.
न पळणाऱ्याला लोक हावरा म्हणत.
पहिल्यांदा पळालो आईकडे;
तिनं पोटभर जेवू घातलं, आणि गुपचूप निरोप धाडला.
दुसऱ्यांदा डोंगर उतरून बाघमाराच्या बाजारात.
एका हाजोंग म्हाताऱ्याकडे सुकी मासळी तोलायला राहिलो.
तो म्हणाला, आमच्यात घर सोडताना पोरी रडतात,
तुमच्यात पोरं. कुणीतरी रडतंच.
नवव्या दिवशी हुडकून आणलं.
अंगाचा वास मात्र महिनाभर गेला नाही.

तिसऱ्यांदा पळालं
की मग शोधायला कुणी येत नाही.
सिमसांगला पाणी गुडघाभर. मी मध्यावर.
मागं वळून पाहिलं, वाळू नुसती वाळू.
असं कधी झालं नव्हतं बघ,
मला कुणीच धरत नव्हतं.
बारके मासे पायाला टोचत होते.

निघताना अंधारात ती जागी होती.
बोलली. आमच्यातलं पहिलं वाक्य:
"मीठ घेऊन जा. पलीकडे महाग आहे."
नदीत उभ्या उभ्या मी पुडी सोडली.
मीठ ओलं झालं होतं.

एवढंच.
याहून मोठं कारण
चाळीस वर्षांत मला सापडलेलं नाही.

तुझ्या मामीला जाऊन दोन सुगी झाल्या.
पास्टरनं पांढरा क्रूस लावला. चांगला आहे, सरळ आहे.
पण आजीच्या दाराशी फणसाच्या लाकडाचा खांब होता,
नाकडोळे कोरलेला, तिचंच पांघरूण लपेटलेला.
पाऊस आला की आई म्हणायची, जा,
आजी भिजतेय.
क्रूसाला कुणी भिजतोय म्हणत नाही.

म्हणतात, जीव बालपाक्रामला जातो.
वाटेत एका झाडाला आपला बैल बांधतो,
बुंध्याला दोरीचा घट्टा पडलाय.
कोळशाच्या ट्रकवरच्या खासी ड्रायव्हरला हे सांगितलं,
तर म्हणाला, आमची माणसं देवाच्या अंगणात सुपारी खात बसतात.
बसू देत.
सिल्मेकडे बैल नव्हता. सात कोंबड्या होत्या.
मी रात्री इथं पडून विचार करतो,
झाडाला कोंबड्या कशा बांधल्या असतील तिनं,
एकेक, की सगळ्या एका दोरीला?

तुला पळायचं असेल तर पळ.
मी आड येणार नाही, शिडीही काढून घेणार नाही.
बाल्से कमी बोलते. आईवर गेलीय.
कधी बोलली तर नीट ऐकून घे, ती दुसऱ्यांदा सांगत नाही—

श्श.
खाली, ओढ्याच्या अंगाला.
बांबू मोडला.

बडव.